आधी मोजू द्या, सूत्र मागून येईल : मापनाच्या धड्यांबद्दल एक खुले पत्र

प्रति,
सहावी ते आठवीच्या गणिताची पाठ्यपुस्तके लिहिणारी, शिक्षक-प्रशिक्षणे आखणारी आणि प्रश्नपत्रिकांचे नमुने ठरवणारी विषय समिती

विषय : परिमिती, क्षेत्रफळ, वर्तुळ आणि घनफळ या घटकांत प्रत्यक्ष मोजणीला जागा मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

आमची मागणी एकच आहे. या घटकांत मुलांच्या हातात सूत्र देण्याआधी पट्टी द्यावी, आणि आकृतीत काय मोजायचे हे मुलांनाच ठरवू द्यावे.

आजच्या रीतीत आकृती छापलेली असते, बाजूंवर आकडे आधीच बसवलेले असतात आणि शेजारच्या रंगीत चौकटीत सूत्र असते. मुलांच्या वाट्याला उरतो तो गुणाकार. तो त्यांना तिसरी-चौथीपासून येतो, त्यामुळे उत्तर बरोबर येते आणि घटक संपला असे आपण धरून चालतो. तो संपला का हे पाहायचे असेल तर सातवी-आठवीच्या कोणत्याही वर्गात एक समांतरभुज चौकोन द्यावा. पाया ८ सेमी, तिरकी बाजू ५ सेमी, उंची ४ सेमी असा काढावा, पण कागदावर एकही आकडा लिहू नये. पट्टी आणि गुण्या द्यावा आणि क्षेत्रफळ विचारावे. ज्यांना 'पाया गुणिले उंची' तोंडपाठ आहे तीच मुले चारही बाजू मोजतील, ८ आणि ५ चा गुणाकार करून ४० लिहितील. उंचीची रेघ आकृतीत काढलेली नाही, ती आपण काढायची असते, हे त्यांना कधी कोणी करायला लावलेलेच नसते.

सुरुवात कंपासपेटीपासून करू, कारण पहिल्या चुका तिथेच होतात. पेटीतल्या १५ सेमीच्या प्लास्टिक पट्टीवर शून्याची रेघ बहुधा अगदी कडेला नसते, काही मिलिमीटर आत असते. मूल पट्टीची कड रेषेच्या टोकाला लावते आणि प्रत्येक माप तेवढ्याच मिलिमीटरने कमी येते. दुसरे मूल १ च्या रेघेपासून मोजते, त्याचे प्रत्येक माप बरोबर १ सेमीने जास्त येते. या दोन चुका वहीवर लाल फुली मारून सुटत नाहीत. पण पाच मापे शेजारी-शेजारी लिहून घेतली तर कोणती चूक आहे ते शिक्षकाला लगेच दिसते. तिसरी चूक जास्त खोल आहे. मूल रेघा मोजते, रेघांमधल्या जागा मोजत नाही. त्यासाठी 'तुटकी पट्टी' हा खेळ फार उपयोगी पडतो. पुठ्ठ्याची पट्टी ३ पासून १२ पर्यंतच द्यायची आणि तिने वस्तू मोजायला सांगायची. वस्तू ३ पासून १०.५ पर्यंत आली की लांबी ७.५ सेमी. ज्याला लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर हे कळले आहे तो वजाबाकी करतो. बाकीचे १०.५ लिहितात, किंवा ३, ४, ५ असे बोटाने मोजत एक जास्तीचा सेंटिमीटर आणतात. सहावीच्या पुस्तकात या खेळाला अर्धे पान मिळाले तर पुढची दोन वर्षे सोपी होतील.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि ५० अंशांचा कोन १३० वाचला जातो. 'आतली ओळ बघ, बाहेरची बघ' असे सांगून उपयोग होत नाही, कारण कोन उलट्या दिशेने उघडला की ओळ बदलते. कोनमापक ठेवण्याआधी हा लघुकोन की विशालकोन हे तोंडाने म्हणायचे, एवढी एक सवय लावली की १३० वाचणाऱ्याला स्वतःच शंका येते. आणखी एक बारीक गोष्ट. पुस्तकातल्या कोनांच्या भुजा इतक्या आखूड असतात की त्या कोनमापकाच्या अंशांपर्यंत पोहोचतच नाहीत, मग मूल अंदाजाने आकडा लिहिते. भुजा किमान सात-आठ सेमीच्या छापाव्यात, किंवा त्या पट्टीने वाढवून घ्यायला स्पष्ट सांगावे.

पेटीतला सर्वांत दुर्लक्षित भिडू म्हणजे गुण्या. गवंडी भिंत 'गुण्यात आहे का' हे पाहिल्याशिवाय दुसरा थर लावत नाही, आणि आमच्या वर्गांत मात्र गुण्याचा उपयोग समासाची रेघ मारायला होतो. उंची काढण्याचे ते मुख्य साधन आहे. काटकोनाची एक कड पायाच्या रेषेवर ठेवायची, खाली पट्टी दाबून धरायची, गुण्या पट्टीवरून सरकवत न्यायचा, आणि दुसरी कड शिरोबिंदूला टेकली की रेघ मारायची. इथे दोन गोष्टी बिघडतात. पट्टी हलते, म्हणून सुरुवातीला हे काम दोघांनी मिळून करावे. आणि स्वस्त गुण्यांचा कोपरा झिजलेला असतो, त्यामुळे रेघ कोपऱ्यापासून न मारता थोडी वरून सुरू करून मग खाली वाढवावी.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सरमिसळ. हा गोंधळ आपणच वाढवतो. पहिल्याच उदाहरणात ४ सेमी बाजूचा चौरस घेतला जातो. त्याची परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६. ६ आणि ३ सेमी बाजूंच्या आयताचेही तेच, दोन्ही १८. ज्या मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी अजून वेगळ्या झालेल्या नाहीत त्याला आपण सांगतो की उत्तर तर एकच येते आहे. ही दोन उदाहरणे पहिल्या चार पानांत नसावीत. पुढे, घटक पक्का झाल्यावर, 'हे कसे घडले आणि याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा होतो का?' या प्रश्नासाठी ती जपून ठेवावीत.

त्याऐवजी १ सेमी चौकटीच्या कागदावर ३६ चौकटींचे आयत काढायला द्यावेत. ३६ × १, १८ × २, १२ × ३, ९ × ४, ६ × ६. क्षेत्रफळ सगळ्यांचे ३६ चौसेमी; परिमिती मात्र ७४, ४०, ३०, २६, २४. तक्ता मुलांनीच भरायचा. पहिला आयत एका पानावर मावत नाही, दोन पाने जोडावी लागतात. ती जोडताना कुंपण लांबले आणि शेत तेवढेच राहिले हे जितके कळते तितके कोणत्याही व्याख्येने कळत नाही.

आपल्या भाषेत यासाठी उत्तम शब्द आधीच आहेत. बांध आणि शेत. तार किती लागेल हा बांधाचा प्रश्न, बियाणे किती लागेल हा शेताचा. ग्रामीण भागात हे समजावून सांगावेच लागत नाही, आणि शहरातल्या मुलांसाठी खोलीच्या कडेची पट्टी आणि मधली फरशी आहेच. पुस्तकातल्या शब्दांनी मात्र थोडी अडचण केली आहे. क्षेत्रफळ, पृष्ठफळ, घनफळ या तिन्हींत शेवटी 'फळ'. ऐकताना मुलांना तो एकच शब्द वाटतो. शब्द बदला असे आमचे म्हणणे नाही, ते रुळले आहेत. पण प्रत्येक नव्या फळाबरोबर 'हे कशाने मोजतो? दोऱ्याने, चौकटींनी की ठोकळ्यांनी?' हा प्रश्न पुस्तकाने विचारावा.

'दहा चौरस फूट' आणि 'दहा फूट चौरस' यांतला फरकही पुस्तकात कुठेतरी यायला हवा. पहिले म्हणजे एक फूट बाजूचे दहा चौरस. दुसरे म्हणजे दहा फूट बाजूचा एक चौरस, म्हणजे शंभर चौरस फूट. सुतारापासून फरशीवाल्यापर्यंत सगळे हे दोन्ही वाक्प्रयोग वापरतात, आणि मोठी माणसेही त्यांत घसरतात. मुले तर '५ चौसेमी' म्हटले की ५ सेमी बाजूचा चौरस काढून मोकळी होतात.

समांतरभुज चौकोनासाठी एक साधन वर्गावर्गात हवे, आणि ते जवळजवळ फुकट होते. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पट्ट्या घ्यायच्या. भोकांमधले अंतर दोन पट्ट्यांत ८ सेमी, दोनांत ५ सेमी. कोपऱ्यांवर टिच बटणे किंवा दुमडत्या पिना लावायच्या. पट्टीची पूर्ण लांबी नव्हे, भोकांमधले अंतर मोजायचे. इथे हमखास चूक होते आणि चौकट वाकडी बसते. पट्ट्या नसतील तर खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेमीचे तुकडे घेऊनही चौकट होते. ही युक्ती टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी त्यांच्या खेळण्यांतून घरोघरी पोहोचवलेली आहे.

चौकट काटकोनात उभी केली की ८ × ५, म्हणजे ४० चौसेमी. थोडी दाबून उंची ४ सेमी केली की ३२. आणखी दाबून ३ सेमी केली की २४. पूर्ण मिटली की शून्य. चारही बाजू त्याच, परिमिती सदैव २६ सेमी, आणि क्षेत्रफळ चाळीसवरून शून्यावर येते. हे डोळ्यांसमोर घडल्यावर 'बाजू गुणिले बाजू' म्हणणारे मूल थांबते. मापे ८ आणि ५ घेण्याचे कारण इतकेच की उंची ४ किंवा ३ असताना तिरकी बाजू ३-४-५ च्या काटकोन त्रिकोणात बसते आणि पट्टीवरचे आकडे स्वच्छ येतात. मोजणी चौकटीच्या कागदावर ठेवून करावी, हवेत धरून नव्हे.

त्याच मापाचा कागदी चौकोन दुसऱ्या तासाला कापायचा. एका टोकाचा ३-४-५ चा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला जोडला की ८ × ४ चा आयत होतो. क्षेत्रफळ ३२ च राहिले, पण परिमिती २६ ची २४ झाली. चौकट दाबली तेव्हा परिमिती टिकली आणि क्षेत्रफळ गेले. कापून जोडले तेव्हा क्षेत्रफळ टिकले आणि परिमिती बदलली. हे दोन प्रयोग एकापाठोपाठच असावेत, मध्ये आठवडा जाऊ नये.

हा मुद्दा नवा नाही. भास्कराचार्यांनी लीलावती या गणितग्रंथात, ११५० च्या सुमारास, नेमके हेच सांगितले आहे. फक्त चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि त्याचे उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, कारण चार बाजूंनी चौकोन ठरत नाही. कर्ण किंवा लंब हवा. आमच्या प्रश्नपत्रिकांच्या वाट्याला यातले कोणते विशेषण येते हे समितीने ठरवावे.

शेतमोजणीत या चुकीची किंमत पैशात कळते. चौकोनी तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा हिशेब आजही ऐकू येतो. प्राचीन गणिती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्याला 'स्थूल', म्हणजे ढोबळ, म्हटले होते. काटकोनी आयत सोडला तर तो नेहमी जास्तच क्षेत्रफळ देतो. ४०, ३०, ४०, ३० मीटर बाजूंचा तुकडा घ्या. या रीतीने १२०० चौमी. कर्ण ५० मीटर भरला तर हे बरोबर आहे. पण कर्ण ४० मीटर भरला तर तुकडा कलता आहे, आणि हिरोच्या सूत्राने (तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देणाऱ्या) दोन त्रिकोणांचे मिळून सुमारे १११२ चौमी येतात. ८८ चौमी गायब, म्हणजे पाऊण गुंठ्याहून जास्त. आठवीला हिरोचे सूत्र शिकवताना सुटे त्रिकोण देण्यापेक्षा हा एक तुकडा मैदानावर चुना टाकून आखावा. मैदानावर काटकोन हवा असेल तर टेपने ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण आखावा. सुतळी वापरू नये, ती ताणली जाते. ओली झाली तर आणखीच बदलते. आणि लांब टेप हातात घेतल्यावर शून्य कुठे आहे ते आधी पाहावे. काही टेपांत ते कडीच्या टोकाला असते, काहींत थोडे आत. पोलादी छोट्या टेपच्या टोकाचा अडकवायचा आकडा सैल लागतो म्हणून तो ठोकून पक्का करू नये. स्वतःच्या जाडीइतका तो मुद्दाम सरकता ठेवलेला असतो, म्हणजे कड अडकवून आणि भिंतीला टेकवून दोन्हीकडे माप बरोबर येते.

त्रिकोणात उंचीची अडचण आणखी वाढते, कारण पुस्तकातला पाया नेहमी आडवा असतो आणि उंची नेहमी पोटात. त्यामुळे 'पाया म्हणजे खालची बाजू' ही समजूत पक्की होते. १३, १४ आणि १५ सेमी बाजूंचा एक मोठा त्रिकोण काढायला सांगावा. तिन्ही बाजू आळीपाळीने पाया मानून गुण्याने तीन उंच्या काढाव्यात. १४ वर १२ सेमी, १५ वर ११.२, १३ वर साधारण १२.९. तीन गुणाकार १६८, १६८ आणि १६७.७. क्षेत्रफळ तिन्ही वेळा ८४ च्या आसपास. जिथे ८८ किंवा ७९ आले तिथे गुण्या पायावरून घसरला आहे, पुन्हा मोजायचे. यातून मुलांना मिळते ते स्वतःचे उत्तर स्वतः तपासण्याचे साधन, आणि ते उत्तरसूचीपेक्षा मोलाचे आहे. दुसऱ्या दिवशी विशालकोन त्रिकोण द्यावा. पाया वाढवल्याशिवाय उंची काढता येत नाही, हे कागद फिरवून-फिरवून त्यांचे त्यांना कळते.

समलंब चौकोनाला फार वेळ नको. एकसारखे दोन कापायचे, एक अर्धा फेरा फिरवून दुसऱ्याला जोडायचा, मोठा समांतरभुज चौकोन होतो. फक्त मुले एक तुकडा पालथा करतात, मग जुळत नाही. एका बाजूने रंगवलेला कागद दिला की काम झाले.

वर्तुळावर मात्र रेंगाळावे असे आम्हांला वाटते. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर मोजण्याचा प्रयोग पुस्तकांत असतो, पण तो बहुधा बांगडी आणि दोरा घेऊन करायला सांगितलेला असतो, आणि दोन्ही वस्तू चुकीच्या आहेत. दोरा ताणला जातो. बांगडीला आतला आणि बाहेरचा असे दोन व्यास असतात. २.४ मापाची बांगडी म्हणजे आतला व्यास २ इंच आणि इंचाचे ४ सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिमी. (हा २.४ दशांश अपूर्णांक नाही. दशांश शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) काचेची जाडी ३ मिमी धरली तर बाहेरून गुंडाळलेला दोरा १९८ मिमी भरतो. त्याला आतल्या ५७ ने भागले की ३.४७ येते. मग शिक्षक म्हणतात, 'साधारण ३.१४ येते असे समजा.' ज्या क्षणी आपण असे म्हणतो त्या क्षणी मुलांना कळते की मोजण्याला काही अर्थ नाही, उत्तर आधीच ठरलेले आहे.

घरातले स्टीलचे ताट घ्यावे. कागदाची एक सेमी रुंद पट्टी कडेभोवती घट्ट गुंडाळावी, जिथे ती एकमेकींवर येते तिथे टाचणीने दोन्हींतून भोक पाडावे, पट्टी उलगडून भोकांमधले अंतर मोजावे. व्यासासाठी ताट जमिनीवर ठेवून दोन बाजूंना दोन जाड पुस्तके समांतर टेकवावीत आणि पुस्तकांमधले अंतर मोजावे. अंदाजाने मध्य धरून पट्टी ठेवली तर ती व्यासावर न बसता एखाद्या जीवेवर बसते. जीवा व्यासापेक्षा लहानच असते, म्हणून गुणोत्तर फुगते. मोठे ताट का, तेही मुलांना सांगावे. २८ सेमी व्यासात एक मिलिमीटर चुकला तर गुणोत्तर ३.१३ ते ३.१५ च्या आत राहते. ३ सेमीच्या बाटलीच्या झाकणात तोच मिलिमीटर चुकला तर ३.०४ ते ३.२५ पर्यंत कुठेही जाते. पुस्तकात झाकणाचे चित्र छापणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

२२/७ हीच पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) खरी किंमत, अशी समजूत आठवीपर्यंत घट्ट होते, कारण उदाहरणांतल्या सगळ्या त्रिज्या ७, १४ नाहीतर २१. लीलावतीत दोन्ही किमती दिल्या आहेत. ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, व्यवहाराला चालणारी. तेवढे एक वाक्य पुस्तकात असावे, आणि काही त्रिज्या ५ आणि ८ असाव्यात.

क्षेत्रफळासाठी ७ सेमी त्रिज्येचे वर्तुळ चार वेळा दुमडून १६ पाकळ्या कापायच्या आणि उलटसुलट लावायच्या. साधा पातळ कागद घ्यावा, कार्डपेपर चौथ्या घडीला फाटतो किंवा पाकळ्या लहानमोठ्या होतात. लावलेल्या पट्टीची लांबी मुलांनी खरोखर मोजावी. ती अर्ध्या परिघाइतकी, म्हणजे २२ सेमी, भरणार नाही, २१.८ च्या आसपास भरेल, कारण वरखालच्या कडा सरळ नाहीत, त्या छोट्या कमानी आहेत. आठच पाकळ्या केल्या असत्या तर २१.४ भरली असती. बत्तीस केल्या तर जवळजवळ २२. हा फरक झाकू नये. पाकळ्या वाढवत गेलो की लांबी अर्ध्या परिघाजवळ सरकते, इतकी मोठी कल्पना सातवीतले मूल पट्टीने मोजून पाहू शकते.

एककांच्या रूपांतरात एक चूक वर्षानुवर्षे टिकून आहे. १ मी म्हणजे १०० सेमी, तर १ चौमी म्हणजे १०० चौसेमी. जुन्या वर्तमानपत्रांची पाने चिकटवून १ मीटर बाजूचा चौरस करावा, त्यावर १० सेमी बाजूचे चौरस मांडावेत. ते १०० बसतात, आणि त्यांतला प्रत्येक १०० चौसेमीचा आहे. १०,००० हा आकडा मग पाठ करावा लागत नाही. घनाचेही तसेच. एक मीटरच्या बारा काठ्या बांधून वर्गात एक घनमीटरचा सांगाडा उभा करावा. त्यात १००० लिटर पाणी मावते हे सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसत नाही. पावसाळ्यात तोच १ चौमीचा तुकडा पुन्हा उपयोगी पडतो, कारण १ मिमी पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. शाळेच्या पत्र्याचे आडवे क्षेत्रफळ मोजून कालच्या पावसात किती पाणी वाहून गेले ते काढता येते. उताराच्या बाजूने मोजू नये, पाऊस वरून पडतो.

व्यवहारातली एकके पुस्तकांत जवळपास नाहीत, हे आम्हांला खटकते. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. आर म्हणजे १०० चौमी, गुंठ्याहून किंचित लहान. घरात 'गुंठे' बोलले जाते आणि कागदावर 'आर' लिहिलेले असते, आणि दोन्ही एकच आहेत असे समजले जाते. एका हेक्टरला हा फरक एका गुंठ्याहून जास्त होतो. वाळूचा ब्रास १०० घनफूट, प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फूट. एकच शब्द, एकदा घनफळ, एकदा क्षेत्रफळ. परिमाण म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

पृष्ठफळासाठी टूथपेस्टचा किंवा खडूचा खोका उलगडावा. चिकटवायच्या जिभा आधी कापून टाकाव्यात, नाहीतर क्षेत्रफळ जास्त येते आणि मग 'सूत्र चुकले का' यावर तास जातो.

शेवटच्या अंकाबद्दल. मुलाने ८.३ आणि ५.२ सेमी मोजले आणि ४३.१६ चौसेमी लिहिले, तर आपण पूर्ण गुण देतो. पण पट्टी मिलिमीटरपर्यंतच सांगते. खरी लांबी ८.२५ ते ८.३५ मधली, रुंदी ५.१५ ते ५.२५ मधली काहीही असू शकते. म्हणजे क्षेत्रफळ ४२.५ ते ४३.८ च्या दरम्यान. '४३ च्या आसपास' हे उत्तर ४३.१६ पेक्षा जास्त प्रामाणिक आहे. आठवीत एवढे सांगता येते, आणि मोजणीच्या प्रश्नांना एकच उत्तर न ठेवता एक पल्ला ठेवावा लागतो, हे तपासणाऱ्यांनाही त्यातून कळेल.

आता तुमच्या हातात असलेल्या गोष्टींविषयी.

पुस्तकातल्या आकृतीवर ६ सेमी लिहिलेले असते आणि पट्टीने ती ३.८ भरते. जे मूल खरोखर मोजून पाहते ते तोंडघशी पडते, न मोजणारे सुखात राहते. मोजायच्या आकृत्या खऱ्या मापात छापाव्यात, आणि जिथे ते शक्य नाही तिथे आकृतीखाली 'मापात नाही' असे लिहावे. पीडीएफ मुद्रित करताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की सगळे काही टक्के आक्रसते. झेरॉक्समध्येही असेच होते. म्हणून प्रत्येक कृतिपत्रिकेच्या तळाशी १० सेमीची एक रेघ असावी. ती आधी मोजायची, ती बरोबर भरली तरच बाकीचे काम.

प्रत्येक घटक चाचणीत एक प्रश्न बिनआकड्यांचा असावा, निदान ४ गुणांचा. आकृती दिलेली, साधने दिलेली, काय मोजायचे ते मुलाने ठरवायचे. एक प्रश्न जास्तीच्या माहितीचा असावा. समांतरभुज चौकोनाच्या दोन्ही बाजू आणि उंची अशी तिन्ही मापे द्यावीत. आज जेवढी मापे लागतात तेवढीच दिलेली असतात, त्यामुळे 'दिसतील ते आकडे गुणा' हे धोरण कायम यशस्वी होते. ज्या परीक्षा फक्त पर्यायी उत्तरांच्या आहेत तिथेही हे जमते. चुकीच्या पर्यायांत ४० ठेवला की ८ × ५ करणारा सापडतो.

वेळेचे म्हणाल तर प्रत्येक इयत्तेत सूत्राआधी सहा तासिका पुरतात. चाळीस मिनिटांच्या तासात पंधरा मिनिटे कापण्यात जातात, म्हणून कापणे घरी आणि मोजणे-मांडणे वर्गात. पन्नासच्या वर्गात चौघांचा गट, गटाला एक संच. त्यात ३० सेमी पट्टी, एक मोठा गुण्या, पट्ट्यांची चौकट, चौकटीचे दहा कागद आणि एक कात्री. पूर्ण वर्गात मिळून एक ३० मीटरची टेप. प्रशिक्षणात या संचाची चित्रफीत दाखवू नये. शिक्षकांच्या हातात तो संच द्यावा, आकडे नसलेला तोच समांतरभुज चौकोन द्यावा, आणि उंची कोण कुठे काढतो ते पाहावे.

नव्या पुस्तकांचे मसुदे अभिप्रायासाठी खुले होतील तेव्हा मापनाच्या प्रकरणातली प्रत्येक आकृती पट्टी लावून तपासून पाठवण्याचे काम आम्ही करू. खऱ्या मापातली छपाई-प्रत तेवढी मिळावी, पडद्यावरची नको.

कळावे.

आपले,
उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही शिक्षक